पार्श्वभूमी : टी-शर्टवर ‘वेडा’ छापावं का?

इंदुरात मानसिक आरोग्याचा विषय घेऊन कपडे बाजारात आणायचे ठरले, की ब्रँडची भाषा ठरवताना गाडी एका शब्दापाशी हमखास अडते: ‘वेडा’.

कायद्याने आपली भाषा टप्प्याटप्प्याने बदलली. १९१२ चा कायदा नावातच ‘लूनसी’ (वेडेपणा) मिरवत होता. १९८७ च्या कायद्यात त्या जागी ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ आली, आणि २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या कायद्याने तिचे हक्क मांडले. बोलण्यात मात्र तिथल्या मनोरुग्णालयांवरून आलेलं ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ राहिलंच. इंदूरच्या मराठी घरांत त्याच्या जोडीला हिंदीतलं ‘आगरा’ही आहे.

कपड्यांवरचा वाद ताजा आहे. २०१३ मध्ये ब्रिटनच्या दोन मोठ्या सुपरमार्केटांना ‘मनोरुग्णा’च्या वेशातले हॅलोविनचे पोशाख टीकेनंतर मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेत अर्धविरामाचं चिन्ह (;) ‘वाक्य इथे संपत नाही’, म्हणजे आयुष्य इथे थांबवायचं नाही, या अर्थाने पुढे आलं आणि टी-शर्टांवर पसरलं. मराठीत ते तसंच्या तसं उचललं तर विरामचिन्हाचा अर्थ ग्राहकाला समजावत बसावं लागतं. सप्टेंबर २०१९ मध्ये मिलानच्या एका शोमध्ये रुग्णाचे हात बांधणाऱ्या जॅकेटासारखे कपडे रॅम्पवर आले, तेव्हा ते घालून चालणाऱ्या मॉडेलनेच तळहातांवर निषेध लिहून दाखवला. वेदना सजावट म्हणून वापरली की ती सोसणाऱ्याला ते आधी कळतं.

आता ‘वेडा’. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं, की शिवी आपणच अंगावर घेतली की तिची धार जाते. १९९३ मध्ये टोरोंटोत मनोरुग्ण राहिलेल्यांनी अभिमान दिवस पाळला, त्यामागे हाच विचार होता. पण तिथे शब्द उचलणारे स्वतः ते भोगलेले होते. दुकानातला शर्ट कोणीही घेतो, आणि कॉलेजच्या टोळक्यात तो थट्टेचाच होतो. मराठीचं व्याकरण इथे वाट दाखवतं. ‘वेड’ या नामाला ‘कशाचं?’ असा प्रश्न लागतो: गाण्याचं, क्रिकेटचं, पावसाचं. ते आवडीकडे जातं. ‘वेडा’, ‘वेडी’ ही विशेषणं सरळ माणसाला चिकटतात. म्हणून ‘पावसाचं वेड’ छापावं, एकटं ‘वेडा’ छापू नये. ‘भ्रमिष्ट’ आणि ‘खुळा’ यांनाही हेच लागू. ‘घालमेल’, ‘हुरहूर’, ‘धास्ती’ हे घरातले शब्द आहेत, निदानाचा आव न आणता नेमके बसतात. ‘डिप्रेशन’ हे आजाराचं नाव आहे. कंटाळ्याला ते लावू नये.

इंदुरात आणखी एक पेच आहे. छातीवरची देवनागरी हिंदी वाचणाराही वाचतो. त्याला ‘वेड’ हा ‘वेद’चा छपाईदोष वाटतो. ‘राग’ म्हणजे संगीत, ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘खाली’ म्हणजे रिकामं. म्हणून प्रत्येक ओळ नमुना छापण्याआधी दोन मराठी आणि दोन हिंदी वाचकांना संदर्भ न सांगता द्यावी. एकानेही वेगळाच अर्थ सांगितला, तर ओळ बदलावी.

क्रियापदातही अडचण आहे. ‘थकलोय’ आणि ‘थकलेय’ वेगळे, म्हणजे छपाईच्या दोन स्क्रीन (जाळीच्या चौकटी) आणि पाच मापांचा दुप्पट साठा. ‘आज जमत नाही’, ‘मला वेळ लागेल’ अशा ओळी दोघांनाही चालतात. छातीवर आज्ञार्थ टाळावा: ‘हस’, ‘बोल’ हे उदास माणसाला दटावल्यासारखं वाटतं. छातीवर ‘मी’ बोलावा, टॅगवर आणि शर्टासोबतच्या कार्डावर ब्रँडने ‘तुम्ही’ म्हणावं. हा भेद न पाळल्यास एकाच पाकिटात तीन माणसं बोलतायत असं वाटतं.

ओळ दोन ते चार शब्दांची असावी. लांब शिरोरेषा छातीवर ताणली जाते, आणि शाई उष्णता देऊन नीट पक्की केली नसेल तर तिथेच आधी तडकते. शब्द दोन ओळींत विभागून मांडावेत, बारीक टाइप टाळावा; नाहीतर जाळीत अनुस्वार बुजतो आणि ‘चिंता’ची ‘चिता’ होते. या विषयात ती चूक खपत नाही.

कार्डावर ‘हा शर्ट तुमची चिंता घालवेल’ असं कधीच लिहू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो नसता तरी ते खोटंच आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेला १४४१६ हा सरकारी मदतक्रमांक कार्डावर छापावा. धुण्याच्या सूचनांच्या लेबलावर नको, तिथली अक्षरं धुऊन जातात. कार्डांची नवी खेप छापण्याआधी तो स्वतः लावून पाहावा.