दोन साइन लहरी आणि एक ठोसा

फाइटिंग गेम्सच्या संगीताची तुलना सुरू झाली की थोड्याच वेळात कुणीतरी 'बिट' काढतो. हा साउंडट्रॅक ८ बिटांचा, तो १६ बिटांचा, म्हणून तो वरचढ. नव्या गेममध्ये तर खऱ्या गिटार वाजतात, मग बोलायचंच काय! पण हा आकडा बहुतेक वेळा कन्सोलच्या प्रोसेसरचा असतो, आवाजाचा नसतो. सेगाचा मेगा ड्राइव्ह आणि निन्टेंडोचा सुपर निन्टेंडो ही दोन्ही यंत्रं '१६ बिट' म्हणूनच विकली गेली. प्रत्यक्षात मेगा ड्राइव्हच्या ध्वनिचिपमध्ये आकड्यांचं विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग अवघ्या ९ बिटांचा आहे. जाहिरातीतल्या आकड्याचा आणि कानावर येणाऱ्या नादाचा संबंध इतका पातळ असतो.

तुलना करायचीच असेल तर एकच धून वेगवेगळ्या यंत्रांवर ऐकावी. त्यासाठी 'स्ट्रीट फायटर २' फार सोयीचा. कॅपकॉमने तो १९९१ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, आणला, १९९२ मध्ये तो सुपर निन्टेंडोवर आला आणि १९९३ मध्ये मेगा ड्राइव्हवर. संगीत बहुतांशी योको शिमोमुरा यांचं. स्वर तेच, चाल तीच, तरीही गाईल या पात्राची धून तिन्ही ठिकाणी वेगळी वाटते. आर्केडमध्ये बेस कडकडून वाजतो, सुपर निन्टेंडोवर तो गुबगुबीत होतो आणि मेगा ड्राइव्हवर खरखरीत. चांगलं-वाईट ठरवण्याआधी हा फरक येतो कुठून ते पाहायला हवं.

आर्केडच्या बोर्डावर यामाहाची वायएम२१५१ ही चिप होती. या चिपमध्ये एकाही वाद्याचं रेकॉर्डिंग नाही. गाईलचा बेस कुणी वाजवलेला नाही, तो दर क्षणी गणिताने तयार होतो. या पद्धतीला एफएम सिंथेसिस म्हणतात आणि माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी ती एक आहे.

जॉन चाउनिंग हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीतकार. १९६७ साली ते संगणकावर एका साध्या साइन लहरीला, म्हणजे एकाच वारंवारतेच्या शुद्ध स्वराला, कंप देत होते. लहरीची वारंवारता सेकंदाला पाच-सहा वेळा वरखाली केली, की गायकाच्या आवाजातल्यासारखा कंप ऐकू येतो. चाउनिंग यांनी हा वेग वाढवत नेला. सेकंदाला काही डझन, मग शंभर, मग त्याहून जास्त. एका टप्प्यानंतर कंप ऐकू येणं बंद झालं आणि स्वराचा पोतच बदलला. हेलकावे इतके जलद झाले की कानाला ते सुटे मोजता येईनात, त्याला त्या जागी नवे उपस्वर ऐकू येऊ लागले.

ते का, हे समजून घ्यायला थोडं गणित लागतं. जिला हलवायचं ती वाहक लहर, जी हलवते ती मॉड्युलेटर. वाहक ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० आवर्तनं, आणि मॉड्युलेटरही ४४० हर्ट्झ घ्या. वाहकाच्या वर ४४०च्या पायऱ्यांनी नवे घटक उगवतात: ८८०, १३२०, १७६० आणि पुढे. खालीही उगवतात: ०, उणे ४४०, उणे ८८०. उणे वारंवारता म्हणजे काही गूढ नाही. तीच लहर कला (फेज) उलटी होऊन धन बाजूला दुमडते आणि आधीच तिथे असलेल्या घटकात मिसळते. कुठला घटक किती जोरात हे बेसेल फलनं नावाची गणिती सूत्रं ठरवतात. त्यांत घालायचा आकडा म्हणजे मॉड्युलेशन निर्देशांक, म्हणजेच वाहकाला किती जोराने हलवलं त्याचं माप. निर्देशांक शून्य असताना नुसती साइन लहर उरते. तो वाढवत नेला की ऊर्जा मधून कडांकडे सरकते. २.४०५ या आकड्याला वाहकाचा स्वतःचा वाटा चक्क शून्य होतो, त्या वारंवारतेला जे काही ऐकू येतं ते सगळं उणे बाजूने दुमडून आलेलं!

वाहक आणि मॉड्युलेटर यांच्या वारंवारतांचं गुणोत्तरही तितकंच महत्त्वाचं. १:१ असेल तर सगळे हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पूर्ण पटीतले उपस्वर, मिळतात. १:२ केलं की फक्त विषम हार्मोनिक उरतात आणि आवाज क्लॅरिनेटकडे झुकतो. १:१.४१ घेतलं, म्हणजे २च्या वर्गमुळाजवळ गेलं, की घटक पूर्ण पटीत बसतच नाहीत आणि घंटेसारखा धातूचा नाद निघतो. वायएम२१५१मध्ये हे १.४१चं गुणोत्तर तयार दिलेलं आहे. मेगा ड्राइव्हच्या वायएम२६१२मध्ये ती सोय नाही. तलवारी, साखळ्या, झांजा अशा खणखणाटाची सवय लागलेल्या या जगात ही उणीव लहान नव्हे.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. प्रत्येक लहरीची चढ-उतार ठरवणारी स्वतंत्र आखणी असते. मॉड्युलेटर सुरुवातीला जोरात ठेवून लगेच ओसरू दिला, तर स्वराचा पहिला क्षण उपस्वरांनी गच्च भरलेला असतो आणि शेपूट जवळजवळ साधी साइन लहर बनते. छेडलेल्या तारेचंही तसंच होतं: आधी झणत्कार, मग नुसती गुंज. दोन लहरी आणि मोजके आकडे यांतून हे सगळं येतं. वायएम२१५१मध्ये एका आवाजाला चार लहरी आणि असे एकाच वेळी वाजणारे आठ आवाज, म्हणजे ३२ लहरी, आणि त्या प्रत्येकीची किंमत सेकंदाला सुमारे ५६ हजार वेळा काढायची. १९८०च्या दशकातल्या स्वस्त चिपला एवढे गुणाकार परवडणारे नव्हते. यामाहाच्या अभियंत्यांनी साइनची कोष्टकं लॉगरिदमच्या रूपात साठवली. लॉगरिदममध्ये गुणाकाराची बेरीज होते हे शाळेत शिकलेलं, तेच इथे कामाला आलं. लहरीचा लॉग, आवाजाच्या पातळीचा लॉग, दोन्हींची बेरीज आणि मग उलट कोष्टक. गुणाकार गायब.

सेकंदाला ५६ हजार हा आकडाही पाहण्यासारखा आहे, कारण सीडीचा दर ४४,१०० आहे. म्हणजे १९९१चा आर्केड बोर्ड त्या बाबतीत सीडीच्या पुढे! अर्थात त्याने आवाज सीडीपेक्षा सरस होत नाही, माणसाचा कान २० हजार हर्ट्झच्या पलीकडे ऐकतच नाही. 'हाय-रेझ' (सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं) असे शिक्के मारून जुने साउंडट्रॅक पुन्हा विकणाऱ्यांना हे कुणीतरी विचारायला हवं. त्याहून भारी प्रकार म्हणजे गेमचं संगीत '४३२ हर्ट्झ'ला उतरवून त्यात वैश्विक ऊर्जा असल्याचा दावा करणारे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला इतकी आवर्तनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं एकक आहे. विश्वाला ४३२ हा आकडा ठाऊक असण्याचं काही कारण नाही. ४४० या प्रमाण पट्टीवरून ४३२ वर येणं म्हणजे अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी घसरण.

सुपर निन्टेंडोची गोष्ट अगदी उलटी. त्याची ध्वनिचिप सोनीच्या केन कुतारागी यांनी घडवली, ज्यांनी पुढे प्लेस्टेशन आणला. ही चिप नाद गणिताने घडवत नाही, खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवते. ऐकायला हे श्रीमंत वाटतं, पण ध्वनीसाठी मेमरी ६४ केबी. आवाज दाबून साठवायच्या तिच्या तंत्रात १६ नमुने, म्हणजे लहरीच्या उंचीची १६ मोजमापं, ९ बाइटांत बसतात. हिशेब केला तर ६४ केबीत १ लाख १६ हजारांच्या आसपास नमुने मावतात आणि ३२ हजार हर्ट्झच्या पूर्ण दराने वाजवले तर साडेतीन सेकंदांत संपतात. ड्रम, बेस, तंतुवाद्यं, 'हादोकेन' या डावाची आरोळी आणि हे सगळं चालवणारा प्रोग्रॅम यांनी तेवढ्यात संसार करायचा. मग तुकडे कमी दराने साठवायचे, इवल्या लूपमध्ये फिरवायचे. कमी दर म्हणजे वरच्या वारंवारता कापल्या गेल्या. शिवाय चिप नमुन्यांच्या मधल्या जागा भरताना आवाज आणखी मऊ करते. तो गुबगुबीतपणा येतो तो असा.

लढाईत त्या मऊपणाची किंमत मोजावी लागते. ठोसा बसल्याचा आवाज म्हणजे बऱ्याच वारंवारतांवर पसरलेला छोटा स्फोट. कानाच्या आतल्या पडद्यावर जवळजवळच्या वारंवारता एकाच भागात नोंदल्या जातात, आणि तिथे मोठा आवाज आला की लहान आवाज ऐकूच येत नाही. याला मास्किंग म्हणतात. एफएमच्या बेसचा पहिला टोकदार क्षण ठोशांच्या फटींतून निसटून कानापर्यंत पोचतो. मऊ बेस ठोशाखाली दबतो. म्हणून नुसता साउंडट्रॅक हेडफोनवर ऐकून दिलेला निकाल मला अर्धवट वाटतो. त्यात तुलनेच्या दोन नमुन्यांपैकी एक थोडा मोठ्याने लावलेला असेल तर तोच 'भरदार' वाटणार, कानाचा स्वभावच तसा. आधी आवाज सारखा करा, मग भांडा.

मला विचाराल तर गाईलचा बेस आर्केडचाच. जिथे सुरावट लांबवून धरायची आहे तिथे मात्र सुपर निन्टेंडोची तंतुवाद्यं सरस. मेगा ड्राइव्हला सहा एफएम आवाज, त्यातला एक आरोळ्या आणि ड्रमचे नमुने वाजवायला गेला की उरले पाच. आठ आवाजांची रचना त्यात कोंबणाऱ्यांना दाद द्यावी, निकाल मात्र तिसरा.

पुढे सीडी आली आणि खरी गिटार, खरा ड्रमर गेममध्ये आले. दाइसुके इशिवातारी यांची 'गिल्टी गिअर'मधली रॉक-मेटल रचना चिपवर अशी जमली नसती. पण या देवाणघेवाणीत एक गोष्ट निसटली. 'स्ट्रीट फायटर २'मध्ये कुणाचा हेल्थ बार संपत आला की संगीत घाईला येतं. चिपसाठी धून म्हणजे स्वरलिपी, टेंपोचा एक आकडा बदलला की झालं. रेकॉर्ड केलेला ट्रॅक तसा ताणता येत नाही, वेग बदलला की पट्टीही सरकते किंवा आवाज फाटतो. पट्टी न हलवता वेग बदलायला जास्त गणित लागतं, किंवा दुसरा ट्रॅक तयार ठेवावा लागतो आणि बदलताना सांधा ऐकू येतो.

२०१३च्या 'किलर इन्स्टिंक्ट'मध्ये मिक गॉर्डन यांनी यावर काढलेला उपाय मला या सगळ्यांत उजवा वाटतो. तिथे दोघे लढवय्ये नुसते उभे राहिले की संगीत शांत होतं, जुंपली की चढतं, आणि अल्ट्रा कॉम्बोत, म्हणजे शेवटच्या सलग माऱ्यात, ठोसे पात्राच्या धुनेच्या स्वरांवर पडतात. चिपला स्वरलिपीमुळे जी लवचीकता आयती मिळत होती, ती परत मिळवायला रेकॉर्ड केलेलं संगीत तुकड्यातुकड्यांत कापून ठेवावं लागलं, आणि पुढचा तुकडा कुठला हे लढाई चालू असतानाच ठरवणारा प्रोग्रॅम त्यामागे उभा करावा लागला.