‘माय फेअर लेडी’ : संगीतिकेच्या आधीचा सिनेमा

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर एक संगीतिका तुफान गाजली, म्हणून हॉलिवूडनं तिच्यावर सिनेमा काढला. १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’ची हकिगत बहुतेक वेळा एवढीच सांगितली जाते. पण ही संगीतिका मुळात ज्यावर उभी आहे, त्यातला बराच भाग रंगभूमीवरचा नाहीच. तो आधीच्या एका सिनेमातला आहे.

मूळ नाटक जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं, ‘पिग्मॅलियन’. १९१३ मध्ये ते पहिल्यांदा रंगलं ते व्हिएन्नात, जर्मन भाषेत. लंडनला एप्रिल १९१४ मध्ये आलं. एलिझा झाल्या होत्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल आणि हिगिन्स हर्बर्ट बीरबोम ट्री. रस्त्यावर फुलं विकणारी मुलगी, तिची बोली सुधारून तिला सरदारघराण्यातली बाई म्हणून खपवण्याची पैज मारणारा उच्चारशास्त्राचा प्राध्यापक, आणि शेवटी त्या प्राध्यापकाला सोडून जाणारी एलिझा. शॉ यांना हा शेवट तसाच हवा होता. ट्री यांना तो पचेना. पडदा पडता पडता ते एलिझाच्या दिशेनं फुलं फेकत. शॉ संतापले आणि १९१६ मध्ये त्यांनी नाटकाला भलंमोठं उपसंहारवजा टिपण जोडलं : एलिझाचं लग्न तिच्यावर जीव टाकणाऱ्या फ्रेडीशी होतं, हिगिन्सशी नाही. त्याचा उपयोग शून्य झाला. प्रेक्षकांना ती दोघं एकत्र हवी होती, आणि पुढच्या बहुतेक रूपांतरकारांनी प्रेक्षकांचं ऐकलं.

गाण्यांना तर शॉ यांचा ठाम विरोध. त्यांच्या ‘आर्म्स अँड द मॅन’वरून १९०८ मध्ये ‘द चॉकलेट सोल्जर’ हा ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीतिका, निघाला होता. तो त्यांना इतका खटकला की त्यानंतर आपल्या नाटकांना कुणी चाली लावायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवून टाकलं. १९५० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ‘पिग्मॅलियन’ला त्यांनी गाण्यांचा वारा लागू दिला नाही.

सिनेमाला मात्र होकार मिळाला. गॅब्रिएल पास्कल हा हंगेरियन निर्माता, शॉ यांचा विश्वास मिळवलेल्या मोजक्या सिनेमावाल्यांपैकी एक. त्याच्या १९३८ च्या ‘पिग्मॅलियन’मध्ये लेस्ली हॉवर्ड आणि वेंडी हिलर होते, पटकथेसाठी शॉ यांना ऑस्करही मिळालं. या सिनेमानं तीन गोष्टी केल्या. नाटकात एलिझाची खरी परीक्षा पडद्याआडच उरकली होती. इथे मेजवानीचा आणि नृत्याचा प्रसंग प्रत्यक्ष दाखवला. उच्चाराच्या तालमीसाठी स्पेनमधल्या पावसाचं ते यमकदार वाक्य आणलं. आणि शेवटी एलिझाला परत आणून हिगिन्सला ‘माझ्या सपाता कुठे आहेत?’ असं विचारायला लावलं. या तिन्ही गोष्टी पुढे संगीतिकेच्या मानल्या गेल्या.

शॉ गेल्यावर पास्कल संगीतिकेच्या मागे लागला. रॉजर्स आणि हॅमरस्टाईन यांच्यासारख्या मातब्बरांनी प्रयत्न करून हात टेकले. गीतं आणि संवाद लिहिणारे ॲलन जे लर्नर आणि संगीतकार फ्रेडरिक लोव यांनीही १९५२ मध्ये एकदा नाद सोडला. अडचण खरीच होती. नाटक म्हणजे दिवाणखान्यातली चर्चा. त्यात दुय्यम प्रेमकथा नाही, समूहगानाला जागा नाही. १९५४ मध्ये पास्कल वारला आणि दोघं पुन्हा बसले, तेव्हा त्यांना वाट सापडली : नवं काही जोडायचं नाही, दोन अंकांच्या मधे जे घडतं ते दाखवायचं. ही वाट १९३८ च्या पटकथेनं आधीच पाडून ठेवली होती. हिगिन्सच्या आईच्या घरचा चहा तेवढा त्यांनी ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीवर नेला. १९१४ मध्ये एलिझाच्या तोंडच्या एका शिवीनं लंडन हादरलं होतं. १९५६ पर्यंत तिचा दंश गेला होता. म्हणून मग शर्यतीच्या घोड्याला उद्देशून एक नवी, जास्त चावट आरोळी आली.

सगळा खर्च, जवळपास चार लाख डॉलर, सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीनं उचलला. १५ मार्च १९५६ ला ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’चा पडदा उघडला आणि एकूण २,७१७ प्रयोग झाले. हॉलिवूडमधले व्यवहार पुढे का तसे वळले, ते या आकड्यावरून कळतं. १९६२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचे प्रमुख जॅक वॉर्नर यांनी चित्रपटाचे हक्क ५५ लाख डॉलरना घेतले. तोवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. सिनेमाचा एकूण खर्च गेला १ कोटी ७० लाखांवर. इतके पैसे ओतल्यावर कोण धाडस करणार? दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर यांनी लंडनचा रस्ता, शर्यतीचं मैदान, सगळं बरबँकच्या स्टुडिओत उभारलं. वेशभूषेला रंगमंचावरचेच सेसिल बीटन. सिनेमा देखणा आहे, पण जागोजागी तो नाटकाच्या प्रयोगासारखा हात बांधून उभा राहतो, असं मला वाटतं.

धाडस झालं ते एकाच ठिकाणी. रंगमंचावरची एलिझा, ज्यूली अँड्र्यूज, वॉर्नरना नको होती. तिनं तोवर एकही सिनेमा केला नव्हता. दहा लाख डॉलर देऊन ऑड्री हेपबर्न आली. हिगिन्ससाठी कॅरी ग्रँटना विचारलं, तर रंगमंचावरचे हिगिन्स रेक्स हॅरिसन नसतील तर मी सिनेमा पाहणारसुद्धा नाही, असं त्यांनी कळवलं. हॅरिसनना गाता येत नसे. लोवनी त्यांच्या चाली बोलल्यासारख्या म्हणता येतील अशाच बांधल्या होत्या. आधी ध्वनिमुद्रण करून मग ओठ हलवणं त्यांना जमेना. दर वेळी ते वाक्य वेगळ्या लयीत टाकत. म्हणून त्यांच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवला आणि गाणी सेटवरच मुद्रित केली. ध्वनीचं ऑस्कर मिळालेल्या या सिनेमातलं ते सगळ्यांत नवं काम.

हेपबर्नच्या वाट्याला मात्र उलट आलं. तिनं गाणी म्हटली, मेहनत घेतली, पण बहुतेक ठिकाणी आवाज वापरला गेला मार्नी निक्सन यांचा. ‘द किंग अँड आय’ आणि ‘वेस्ट साईड स्टोरी’ या सिनेमांतल्या नायिकांचीही गाणी त्यांनीच गायली होती. सिनेमाला आठ ऑस्कर मिळाली, हेपबर्नला नामांकनही नाही. अभिनेत्रीचं पारितोषिक त्याच वर्षी अँड्र्यूजनं ‘मेरी पॉपिन्स’साठी नेलं.

मराठीत ही गोष्ट १९७५ मध्ये आली, पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ होऊन. तिला शॉच्या नाटकाचं रूपांतर म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण भक्ती बर्वे यांनी अजरामर केलेलं ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत शॉच्या संहितेत शोधायला जाऊ नये. त्याचं नातं संगीतिकेतल्या एलिझाच्या चिडून म्हटलेल्या गाण्याशी आहे.

१९९४ मध्ये सिनेमाच्या खराब झालेल्या निगेटिव्हवरून नवी प्रत तयार झाली. पुढे डीव्हीडीवर हेपबर्नच्या स्वतःच्या आवाजातली दोन गाणी जोड म्हणून दिली गेली. निक्सन यांच्याइतका तो आवाज तयार नाही, वरच्या सुरांत ताणतोही; पण फुलं विकणाऱ्या मुलीच्या तोंडी, निदान पहिल्या अर्ध्या भागात, तो जास्त शोभला असता.