फायरप्लेसवर टीव्ही? आधी दीड तास आग पेटवून बघा

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

नव्या घरात सामान लागलं की महिन्याभरात फोन येतो, "फॅमिली रूममध्ये टीव्हीला दुसरी जागाच नाही हो, फायरप्लेसच्या वर लावून द्याल का?" एडिसन असो, प्लेन्सबरो असो की हिल्सबरो, खोली बहुधा तशीच: एका बाजूला डेकवर उघडणारं सरकतं दार, दुसरीकडे किचन, तिसरीकडे खिडक्या आणि उरलेल्या भिंतीच्या मधोमध फायरप्लेस. लावून देतो. पण कधी कधी ब्रॅकेट डब्यातून न काढताच परत येतो. तसं का, ते आधीच कळलेलं बरं.

पहिली परीक्षा उष्णतेची

बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा 104 अंश फॅरनहाइट, म्हणजे 40 अंश सेल्सिअस, दिलेली असते. टीव्ही चालू असताना स्वतःही तापतो, तेव्हा जागा त्याहून बरीच थंड हवी.

एक साधा खोलीचा थर्मामीटर घ्या. टीव्हीची खालची कड जिथे येणार तिथे तो मास्किंग टेपने चिकटवा. मग जानेवारीत लावता तशी फायरप्लेस मोठ्या ज्योतीवर दीड तास चालू ठेवा. ब्लोअर असेल तर तोही लावा. दर वीस मिनिटांनी आकडा कागदावर लिहा. शेवटपर्यंत 90 अंश फॅरनहाइटच्या खाली राहिला तर पुढचं बोलू. शंभरीला टेकला तर टीव्हीची जागा दुसरीकडे शोधायची, आणि त्यात आम्ही घासाघीस करत नाही. भिंतीला हात लावून "फार नाही तापत" म्हणणं चालत नाही. तळहाताला कोमट लागणारी भिंत टीव्हीला पुष्कळ असते.

खाली खोल मँटल, म्हणजे फायरप्लेसच्या वरची पुढे आलेली फळी, असेल तर वर येणारी गरम हवा पुढे वळते आणि आकडा उतरतो. पण म्हणून उद्याच सुताराला बोलावू नका. विटांच्या, लाकूड जाळायच्या फायरप्लेसला नियम आहे: तोंडापासून 6 इंचांच्या आत लाकूडकाम नको, आणि 12 इंचांपर्यंत अंतराच्या दर इंचाला एक अष्टमांश इंच एवढंच ते पुढे आलेलं चालतं. म्हणजे 8 इंचांवरची फळी फार तर 1 इंच पुढे. गॅसच्या फायरप्लेसला तिच्या कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली अंतरंच धरायची.

लाकडाच्या फायरप्लेसला आणखी एक दुखणं, काजळी. तोंडाच्या वरचा रंग काळवंडलेला दिसला तर धूर चिमणीतून न जाता खोलीत येतोय. आधी चिमणीवाल्याला बोलावा, आम्हाला नंतर.

विजेच्या फायरप्लेसची गरम हवा कुठून बाहेर पडते ते बघा. काहींची वरच्या फटीतून थेट टीव्हीच्या पोटावर येते. शिवाय 1500 वॉटचा हीटर 120 व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो. त्याच 15 अँपिअरच्या सर्किटवर टीव्ही, साउंडबार आणि वर व्हॅक्यूम क्लीनर लावला, तर ब्रेकर पडणारच.

भिंतीच्या आत काय आहे

पुण्याच्या घरी विटेत भोक पाडून गिट्टी ठोकली की काहीही टांगता यायचं. इथे पुढे अर्धा इंच ड्रायवॉल आणि मागे पोकळी. वजन पेलतात ते स्टड, म्हणजे भिंतीतले उभे लाकडी वासे, एरवी 16 इंचांवर एक. फायरप्लेसच्या वर मात्र आगीच्या पेटीभोवती चौकट बांधलेली असते, त्यामुळे हे अंतर धरून चालत नाही. आम्ही आधी बारीक भोकं पाडून लाकूड लागतंय याची खात्री करतो, मग 3 इंचांचे लॅग बोल्ट, म्हणजे लाकडात पिळायचे जाड स्क्रू, पिळतो.

त्या भिंतीतून धुराची नळीही गेलेली असू शकते. तिला ड्रिल लागलं तर जळालेला वायू घरात येतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. म्हणून फायरप्लेसचा मॉडेल नंबर आधी मागतो. खालची जाळी काढली की आत पत्र्याची पट्टी दिसते, तिचा फोटो पाठवा. आग बंद करून, काच गार झाल्यावर.

सगळ्यात फसवं काम दगडी भिंतीचं. दगड भक्कम दिसतो, पण बऱ्याच घरांत तो इंच-दीड इंचाचा चिकटवलेला थर असतो. बोल्ट त्यातच अडकवला तर टीव्ही दगडासकट खाली येईल. तो थर पार करून स्टड गाठावा लागतो, आणि आवळताना दगड तडकू नये म्हणून मधे नळकांडी बसवावी लागतात. एका भिंतीला अर्धा दिवस जातो. तिथे आमचे पैसे जास्त का, ते एवढ्याचसाठी.

वायर

टीव्हीची पॉवर कॉर्ड किंवा एक्स्टेन्शन भिंतीच्या आत सोडायला इलेक्ट्रिकल कोडची मनाई आहे, दिसायला कितीही छान दिसलं तरी. टीव्हीच्या मागे आत बसणारा आउटलेट लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, टाउनशिपचं परमिट काढून घ्यावा. एचडीएमआय केबल भिंतीतून नेता येते, पण तिच्यावर सीएल-2 किंवा सीएल-3 (भिंतीच्या आत चालणाऱ्या केबलची खूण) छापलेलं हवं, आणि ती धुराच्या नळीपासून दूर.

मान

सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण 42 इंचांवर असतो. मँटल साडेचार फुटांवर धरला, तर 65 इंची टीव्हीचा मध्य 74 इंचांच्या आसपास जातो, म्हणजे नजरेच्या सुमारे पावणेतीन फूट वर. मॅचपुरतं चालतं. पण आई-बाबा सहा महिने राहायला आले आणि दुपारभर मालिका बघायला लागले, की आठवड्यात मूव्ह लावायची वेळ येते. खाली ओढता येणारा ब्रॅकेट हा उपाय चांगला आहे, महाग आहे. आग चालू असताना मात्र टीव्ही खाली ओढायचा नाही. वर मोजलेला आकडा खालच्या जागेला लागू नाही.

गणपतीत

मँटलवर मखर छान दिसतं. पण समई टीव्हीच्या खाली नको. ज्योत लहान असली तरी दिवसभराची ऊब आणि काजळी सरळ वर जाते. समई खाली, बाजूच्या चौरंगावर ठेवा. आणि गॅस फायरप्लेसचं भिंतीवरचं बटण हुबेहूब दिव्याच्या बटणासारखं असतं. आरतीला आलेला पाहुणा "जरा लाइट लावतो" म्हणून तेच दाबतो, आणि पुढ्यात सजावटीची साडी सोडलेली असते. सजावटीला हात लावण्याआधी गॅसची कळ बंद करा.

फोन करताना टीव्हीचा मॉडेल नंबर, भिंतीचा समोरून एक फोटो आणि त्या पट्टीचा फोटो एवढं जवळ ठेवा. थर्मामीटरच्या आकड्यांचा कागद भिंतीवरच चिकटवलेला राहू द्या, आल्यावर तोच आधी वाचू.