आफ्रिकेचा इतिहास लिहिला गेला, पण वर्गात किती पोचला?

१९६३ मध्ये ऑक्सफर्डचे इतिहासाचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी ससेक्स विद्यापीठात व्याख्यानं दिली आणि बीबीसीने ती टीव्हीवर दाखवली. शिकवण्याजोगा आफ्रिकी इतिहास पुढेमागे तयार होईलही, पण आज तो नाही. आहे तो आफ्रिकेतल्या युरोपियनांचा इतिहास, बाकी नुसता अंधार, असं त्यांचं प्रतिपादन होतं. त्या वेळी नायजेरियातल्या इबादान विद्यापीठाच्या प्रमुखपदी केनेथ डिके हे इतिहासकार होते. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या व्यापारावर आणि राजकारणावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ ऑक्सफर्डच्याच मुद्रणालयाने सात वर्षांपूर्वी छापला होता.

आफ्रिकेतल्या लोकांना आणि जगभर पसरलेल्या त्यांच्या वंशजांना स्वतःच्या खंडाचा इतिहास कितपत माहीत आहे, हा वाद आज पुन्हा रंगतो आहे. त्यात दोन्ही बाजू एकमेकांना अज्ञानी ठरवतात आणि दोघांचंही थोडंथोडं खरं असतं. पण इतिहास शोधणारे आणि लिहिणारे कधीच कमी पडले नाहीत. अडलं ते शाळेच्या दारात. ते कसं अडलं हे पाहायचं तर वसाहतीच्या काळापासून सुरुवात करावी लागते.

फ्रेंच वसाहतींतल्या शाळांमध्ये सेनेगलची मुलं ‘आपले पूर्वज गॉल’ (म्हणजे फ्रान्सचे प्राचीन रहिवासी) असा धडा वाचत. ब्रिटिश वसाहतींत शालान्त परीक्षा केंब्रिजहून येई आणि परीक्षेत जे विचारतात तेच वर्गात शिकवलं जाई, म्हणजे ट्यूडर राजे, इंग्लंडची संसद आणि आफ्रिकेपुरतं बोलायचं तर मंगो पार्क आणि लिव्हिंगस्टन हे प्रवासी. नायजरच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या मुलांनी ती नदी मंगो पार्क या स्कॉटिश माणसाने शोधली असं पाठ केलं. पुढे इबादान, लेगॉन (घाना), माकेरेरे (युगांडा) इथे महाविद्यालयं निघाली, तेव्हाही त्यांच्या पदव्या लंडन विद्यापीठाच्या होत्या. अभ्यासक्रमातलं एक प्रकरण बदलायचं तरी लंडनची मान्यता लागे.

हे नुसतं दुर्लक्ष नव्हतं. काही ठिकाणी डोळ्यांसमोरचा पुरावाही नाकारला गेला. आजच्या झिम्बाब्वे देशातल्या ‘ग्रेट झिम्बाब्वे’ या जुन्या दगडी नगराचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. चुना न वापरता एकावर एक रचलेल्या ग्रॅनाइटच्या भिंती, काही ठिकाणी दहा मीटरच्या वर उंच. १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोचला. दारावरच्या लाकडी तुळईची त्याने ढलपी काढली, ती त्याला आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखी दिसली, तसाच वासही आला. पेन्सिल देवदाराची, म्हणजे हे लाकूड लेबनॉनचं, म्हणजे ते फिनिशियन लोकांनी आणलं, म्हणजे ही वास्तू बायबलमधल्या शेबाच्या राणीची! लाकूड खरं तर आफ्रिकेतल्याच एका झाडाचं होतं. पण हा प्रदेश बळकावणाऱ्या सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश कंपनीला हे अनुमान फार सोयीचं होतं. पूर्वी इथे गोऱ्यांचंच राज्य होतं असं ठरलं की आता जमीन घेणं म्हणजे आपलंच परत घेणं. पुढे या जागेची देखभाल ज्या रिचर्ड हॉलकडे दिली, त्याने ‘काफिरांची घाण’ (काफिर ही तिथल्या काळ्या लोकांसाठी गोऱ्यांची शिवी) काढण्याच्या नावाखाली वस्तीचे थरच्या थर खणून फेकून दिले. नेमका तोच खरा पुरावा होता.

१९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी शास्त्रीय उत्खनन करून ही बांधकामं मध्ययुगातली आणि आफ्रिकी लोकांचीच आहेत असा निर्वाळा दिला. तिथे सापडलेली चिनी भांडी आणि भारतीय काचमणी कालनिश्चितीला उपयोगी पडले. तरीही ऱ्होडेशियाचं (झिम्बाब्वेचं तेव्हाचं नाव) गोरं सरकार बधलं नाही. स्मारकांची जबाबदारी असलेले पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांना १९७० मध्ये देश सोडावा लागला, कारण ही वास्तू कोणी बांधली हे ते उघडपणे सांगत होते. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने त्याच जागेचं नाव घेतलं आणि तिथला दगडी पक्षी ध्वजावर आला. म्हणजे आज चाळिशीच्या पुढे असलेल्या झिम्बाब्वेच्या नागरिकांचे आईवडील अशा शाळांत शिकले, जिथे त्यांच्या पूर्वजांच्या भिंती दुसऱ्याच कोणाच्या होत्या.

दक्षिण आफ्रिकेत मापुंगुब्वेच्या टेकडीवर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला राजघराण्याच्या कबरी सापडल्या. त्यांत एक गेंडा आहे, जेमतेम वीतभर लांबीचा. लाकडाच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा बारीक सोन्याच्या खिळ्यांनी ठोकून तो घडवलेला. एकच शिंग, खाली झुकलेलं डोकं. तेराव्या शतकातला. ही वस्तू प्रिटोरिया विद्यापीठाच्या ताब्यात गेली आणि वर्णभेदाच्या काळात सर्वसामान्य लोकांच्या नजरेला फारशी पडलीच नाही. कारण गोरे आणि काळे या देशात साधारण एकाच सुमारास आले, असं शाळेचं पुस्तक सांगत होतं; सोन्याचा गेंडा त्या गोष्टीत बसत नव्हता.

अटलांटिकच्या पलीकडे हाच नकार वेगळ्या रूपात भेटला. आर्तुरो शोम्बर्ग १८७४ मध्ये पोर्तो रिकोत जन्मले. काळ्या लोकांना ना इतिहास आहे ना थोर पुरुष, असं त्यांना लहानपणी एका शिक्षिकेने ऐकवलं होतं, असं सांगतात. न्यूयॉर्कला आल्यावर त्यांनी बँकेतली नोकरी सांभाळून आयुष्यभर पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवली. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हा संग्रह १०,००० डॉलरला घेऊन हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या शाखेत ठेवला. त्याच वर्षी इतिहासकार कार्टर वुडसन यांनी फेब्रुवारीत ‘नीग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. वुडसन गुलामगिरीतून सुटलेल्या आईवडिलांचे पुत्र. तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबले आणि १९१२ मध्ये त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. आजचा ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ त्यांच्या सप्ताहातूनच वाढला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेतल्या या मंडळींपुढे आफ्रिका नव्हती, ग्रंथालय होतं. त्यांच्यापैकी बहुतेकांना पूर्वजांचं गाव, कुळ, भाषा काहीच माहीत नव्हतं. जहाजावर चढताना ते सगळं तुटलेलं. म्हणून त्यांनी अख्खा खंडच आपला मानला आणि त्यातलं जे सर्वांत भव्य, ते पुढे आणलं: इजिप्त, इथिओपिया, मालीचा सम्राट मन्सा मुसा. अपमानाला उत्तर द्यायचं होतं आणि उत्तर ठसठशीत हवं होतं. ही निवड पुढच्या शंभर वर्षांना पुरली. शिकागोतल्या किंवा जमैकाच्या किंग्स्टनमधल्या माणसाला फेअरोंविषयी भरभरून बोलता येतं आणि नायजेरियातल्या इग्बो गावांचा कारभार राजावाचून कसा चालायचा हे सांगता येत नाही, याचं मूळ इथे आहे.

ज्ञानाचा प्रवास मात्र एकाच दिशेने झाला नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात मिसिसिपीत जन्मलेले विल्यम लिओ हॅन्सबेरी १९२२ पासून आफ्रिकेचा इतिहास शिकवत होते. त्यांच्या वर्गात न्नामदी अझिकिवे हा नायजेरियन तरुण बसला. तोच पुढे नायजेरियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. एका नायजेरियन माणसाला आफ्रिकेचा प्राचीन इतिहास अमेरिकेत, गुलामांच्या वंशजाकडून शिकायला मिळाला. घरच्या मिशनरी शाळेत तो नव्हता. उलट दिशेचं उदाहरण गयानाच्या वॉल्टर रॉडनी यांचं. लंडनला पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर संशोधन करून आणि दार-एस-सलामला शिकवून ते १९६८ मध्ये जमैकात आले आणि विद्यापीठाबाहेर पडून किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये रस्ताफारींसोबत (आफ्रिकेला मायभूमी मानणाऱ्या पंथाच्या लोकांसोबत) बसून आफ्रिकेच्या इतिहासावर बोलू लागले. त्याच ऑक्टोबरात सरकारने त्यांना देशात परत येऊ दिलं नाही आणि राजधानीत दंगल उसळली. इतिहासाच्या प्राध्यापकाच्या प्रवेशबंदीवरून शहर पेटतं, यावरून त्या ज्ञानाची भूक केवढी होती ते कळतं.

स्वातंत्र्याच्या सुमारास खुद्द आफ्रिकेत वेगळंच काम उभं राहिलं होतं. डिके आणि त्यांचे इबादानचे सहकारी सरकारी दप्तरांच्या जोडीला गावच्या वृद्धांच्या तोंडच्या कथा, वंशावळी, दरबारी गाणी हाही पुरावा मानू लागले. नायजेरियाचं राष्ट्रीय अभिलेखागार उभारण्यात डिके यांचाच पुढाकार होता. जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांत वाळवीच्या तोंडी पडलेले कागद त्यामुळे वाचले. केनियाचे बेथवेल ओगॉट यांनी लुओ लोकांचा इतिहास मौखिक परंपरेवरून बांधला. बेल्जियन संशोधक यान वान्सिना यांनी अशा पुराव्याची छाननी कशी करावी याची पद्धतच १९६१ मध्ये मांडली. डाकारला शेख अन्ता दियोप प्राचीन इजिप्त हा कृष्णवर्णीय आफ्रिकेचाच भाग असल्याचं मांडत होते. १९७४ मध्ये कैरोत युनेस्कोच्या परिसंवादात त्यांनी आणि थेओफिल ओबेंगा यांनी जगभरच्या तज्ज्ञांसमोर ती बाजू लढवली. अमेरिकेत दियोप यांना जो मान मिळाला तो इबादानच्या मंडळींना कधी मिळाला नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. बाजारपेठा, नद्यांवरचे करार, घराण्यांची भांडणं यांचा इतिहास लिहिणं जास्त कष्टाचं होतं, आणि लोक खरोखर कसे जगले हे त्यातूनच कळतं.

१९६४ मध्ये युनेस्कोने आफ्रिकेचा सर्वसाधारण इतिहास आफ्रिकी विद्वानांच्या पुढाकाराने लिहून घ्यायचं ठरवलं. ३९ जणांच्या समितीत दोन तृतीयांश सदस्य आफ्रिकी. आठ खंडांपैकी पहिला १९८१ मध्ये निघाला, शेवटचा १९९० च्या दशकात. काम अफाट झालं, पण वेळ वाईट निघाली. खंड बाहेर पडत होते त्याच काळात आफ्रिकी देश कर्जात बुडाले. नाणेनिधीच्या अटींपायी शिक्षणावरचा खर्च कापला गेला आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नवी पुस्तकं येणंच बंद पडलं. प्राध्यापक परदेशी गेले. जाडजूड खंड लंडन-पॅरिसच्या कपाटांत सहज मिळत, प्रांतिक गावातल्या शिक्षकाच्या हाती ते पडणं दुर्मीळ. या खंडांवरून शालेय धडे तयार करण्याचा स्वतंत्र टप्पा युनेस्कोने हाती घेतला तो २००९ मध्ये.

काही गोष्टी खुद्द आफ्रिकेत मुद्दाम बोलल्या गेल्या नाहीत, आणि त्यांत गुलामांचा व्यापार पहिला. घानाच्या केप कोस्ट आणि एल्मिना किल्ल्यांत अमेरिकेहून आलेले लोक कोठड्यांत उभे राहून रडतात, स्थानिक मुलं त्यांच्याकडे नुसती पाहत राहतात. ही उदासीनता वरवरची आहे. आजच्या घानातल्या जुन्या असांते राज्यात दुसऱ्याच्या कुळाचं मूळ जाहीर सांगण्याला सक्त मनाई होती. कारण घरात सामावून घेतलेल्या गुलामांचे वंशज त्याच कुळाचं नाव लावत. कोण कुठून आलं हे उकरलं तर गावच दुभंगलं असतं. त्यामुळे अमेरिकेतल्या वंशजांसाठी गुलामगिरी हीच इतिहासाची सुरुवात, तर आफ्रिकेत तीच घरात न काढण्याची गोष्ट. हे दोघे समोरासमोर आल्यावर एकमेकांना अज्ञानी वाटले तर नवल नाही.

पूर्वेकडे गेलेले आफ्रिकी लोक तर या दोन्ही कहाण्यांत कोपऱ्यातच राहिले. मराठी वाचकाला मलिक अंबर परका नाही: इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कारभारी झालेला, खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवून तिला नहर देणारा, जमीन महसुलाची घडी बसवणारा, १६२६ मध्ये वारलेला आणि खुलताबादेत चिरनिद्रा घेणारा. जंजिऱ्याचे सिद्दी तर शिवकाळाच्या प्रत्येक पुस्तकात आहेत. पण आपणही त्यांच्याकडे दख्खनच्या राजकारणातली माणसं म्हणून पाहतो, आफ्रिकेच्या इतिहासाचा धागा म्हणून क्वचितच. २०१३ मध्ये हार्लेमच्या शोम्बर्ग केंद्रात भारतातल्या आफ्रिकी लोकांवर प्रदर्शन भरलं आणि शोम्बर्ग यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या संस्थेत हबशी सरदारांच्या तसबिरी लागल्या.

अलीकडच्या घडामोडी परस्परविरोधी आहेत. ब्राझीलने २००३ मध्ये कायदा करून सर्व शाळांत आफ्रिकेचा आणि आफ्रो-ब्राझिलियनांचा इतिहास सक्तीचा केला. दक्षिण आफ्रिकेत नववीनंतर इतिहास ऐच्छिक आहे. तो बारावीपर्यंत सक्तीचा करावा, अशी शिफारस मंत्र्यांनी नेमलेल्या समितीने २०१८ मध्ये केली. सर्वांत चटका लावणारी गोष्ट नायजेरियाची. ज्या देशात इबादान आहे, त्याच देशाने २००९-१० पासून प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक वर्गांतून इतिहास हा स्वतंत्र विषय काढून टाकला. मुलं घेत नाहीत, नोकऱ्या नाहीत, शिक्षक मिळत नाहीत, अशी कारणं देण्यात आली. २०२२ च्या नोव्हेंबरात सरकारने तो परत आणल्याचं जाहीर केलं, आणि पहिली अडचण आली ती शिक्षकांचीच. विषय बंद झाला त्या वर्षी पहिलीत गेलेली मुलं तोवर अध्यापक विद्यालयात प्रवेश घेण्याच्या वयाची झाली होती.