दातावरच्या खाचा

"कुत्रं दारात शोभतं, सोफ्यावर नाही. आमच्या वेळी असले लाड नव्हते," असं सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी लिहितंच. आपण जरा १४ हजार वर्षं मागे जाऊ.

१९१४ साली जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल इथे बेसॉल्टच्या खाणीत कामगारांना एक कबर लागली. त्यात एक पुरुष, एक बाई आणि एक पिल्लू होतं. शेतीचा अजून पत्ता नव्हता, ही शिकारीवर जगणारी माणसं. पिल्लाचा जबडा आधी लांडग्याचा समजून बाजूला ठेवला गेला. तो कुत्र्याचा आहे हे कळायला १९७०चं दशक संपत आलं. मेलं तेव्हा पिल्लू जेमतेम साडेसहा-सात महिन्यांचं होतं.

मला वेड लावलं ते त्याच्या दातांनी. हाड मोडलं तर सांधतं, इनॅमलचं, म्हणजे दातावरच्या टणक आवरणाचं, तसं नाही. दात हिरडीच्या आत घडत असताना अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी टोकाकडून मुळाकडे इनॅमल चढवत जातात. काम संपलं की या पेशी मरतात, मग डागडुजीला कुणी उरत नाही. मध्येच जबर आजारपण आलं, तर तेवढ्या दिवसांचं इनॅमल पातळ पडतं आणि दातावर आडवी खाच राहते. कुठल्या आठवड्यात काम कुठवर पोचतं हे माहीत असलं, की खाचेच्या जागेवरून आजारपणाचं वय काढता येतं. या पिल्लाच्या खाचा साधारण १९, २१ आणि २३व्या आठवड्यातल्या निघाल्या. म्हणजे आजार तीनदा उसळला होता.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा आजार बहुधा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांना होणारा एक विषाणूजन्य आजार, असावा, असं म्हटलं आहे. ताप, उलट्या, जुलाब, मग न्यूमोनिया, शेवटी झटके. (हे झटके विषाणूमुळे येतात. लिंबू उतरवून थांबत नाहीत. लस मात्र वेळेवर द्यावी.) असं पिल्लू शिकारीला निरुपयोगी. तरी ते पहिल्या दुखण्यानंतर आठेक आठवडे जगलं. कुणीतरी त्याला ऊब दिली असणार, पाणी पाजलं असणार, घाण पुसली असणार.

यावरून 'जगातली पहिली प्रेमकहाणी' वगैरे व्हिडिओ निघतात, ते सोडा. दातावर आजारपण उमटतं, सेवा उमटत नाही. ती आपण जगलेल्या आठवड्यांवरून ताडतो.

इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठी बेरेनिके बंदरात तर पहिल्या-दुसऱ्या शतकातलं प्राण्यांचं कब्रस्तानच सापडलं. ५८५ प्राणी, त्यात बहुतेक मांजरं, काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टे किंवा मण्यांच्या माळा. थोडी माकडंही आहेत, तीही बहुतेक आपल्याकडची, भारतातून जहाजाने गेलेली. आणि काही म्हातारी कुत्री, तोंडात दात जवळपास नसलेली. त्यांना कुणीतरी मऊ करून भरवत होतं.