धावपट्टी-बदल, अवतरणाच्या अंतिम टप्प्यातील

विमान उतरण्यासाठी खाली येत असताना, आधी ठरलेल्या धावपट्टीऐवजी दुसऱ्या धावपट्टीवर उतरण्याची सूचना किंवा विचारणा हवाई वाहतूक नियंत्रकाकडून आयत्या वेळी येणे, याला अवतरणाच्या अंतिम टप्प्यातील धावपट्टी-बदल म्हणतात. ‘आयत्या वेळी’ याचा अर्थ येथे घड्याळापेक्षा कामाच्या हिशेबाने घ्यावा लागतो : नव्या धावपट्टीच्या तयारीला लागणारा वेळ हा जमिनीवर पोहोचायला उरलेल्या वेळाहून अधिक भरू लागला, की बदल उशिराचा ठरतो.

विमाने शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतात आणि बहुतेक प्रवासी जेट विमानांना पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याची मर्यादा १० किंवा १५ नॉट (तासाला तितके सागरी मैल) असते. त्यामुळे वारा फिरला, की धावपट्टीची दिशा बदलावी लागते. आधीचे विमान धावपट्टीवर अडकून पडणे, आयएलएस ही मार्गदर्शक यंत्रणा बंद पडणे, समांतर धावपट्ट्यांवर रहदारी वाटून देणे ही इतर कारणे होत. याखेरीज, विमान लवकर उतरावे म्हणून नियंत्रक कधीकधी जवळची धावपट्टी देऊ करतो. ती केवळ सोय असते, सक्ती नव्हे. पण नाकारण्याचा विचार सर्वांत कमी वेळा होतो तोही याच प्रसंगी.

धावपट्टीला तिच्या चुंबकीय दिशेवरून क्रमांक दिलेला असतो आणि रेडिओवर बदल होतो तो या क्रमांकापुरताच. कॉकपिटमध्ये मात्र त्यामागे सगळी मांडणी बदलते. उड्डाण व्यवस्थापन संगणकात नवा अवतरणमार्ग भरायचा, त्यातील बिंदू नकाशाशी ताडून पाहायचे, आयएलएसची वारंवारता आणि दिशा जुळली की नाही ते बघायचे, जिथवर धावपट्टी दिसायलाच हवी ती किमान उंची नव्याने निश्चित करायची, उतरण्यास पुरेशी लांबी आहे का ते पडताळून स्वयंचलित ब्रेकची पातळी ठरवायची आणि उतरणे सोडून पुन्हा वर जावे लागले (गो-अराउंड), तर कोणत्या दिशेने व किती उंचीपर्यंत, याची उजळणी करायची. तीन अंशांच्या नेहमीच्या उताराने विमान दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट खाली येते. १४० नॉट वेगाने शेवटचे १० सागरी मैल पार व्हायला सव्वाचार मिनिटे लागतात. एवढ्या वेळात एक वैमानिक मान खाली घालून कळफलकावर गुंतला, तर विमानावर नजर ठेवणारी डोळ्यांची एक जोडी कमी होते. शेजारच्या समांतर धावपट्टीकडे, ती दिसत असताना, थोडे बाजूला सरकून जाण्याची ‘साइडस्टेप’ ही त्यातल्या त्यात सोपी हालचाल. तरी तीही जमिनीच्या जवळ वळणे घ्यायला लावते.

दुसरी अडचण उंचीची. नवी धावपट्टी अलीकडे असेल, तर उरलेले अंतर एकदम घटते, विमान त्या मानाने फार उंच आणि वेगवान ठरते, आणि ती जादा ऊर्जा घालवण्यासाठी वैमानिक पंखांवरील स्पीडब्रेक उघडतात. अर्थात काम वाढते ते नेमके वेळ आटल्यावर.

या दोन्ही अडचणी २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली येथे एकत्र आल्या. मायामीहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ९६५ क्रमांकाचे बोइंग ७५७ सुमारे दोन तास उशिराने, रात्री, उत्तरेकडून येत होते. विमानतळ ओलांडून उलट फिरून धावपट्टी ०१ वर उतरण्याचे ठरले होते. वारा शांत असल्याने नियंत्रकाने सरळ समोरची धावपट्टी १९ घेता येईल का, असे विचारले आणि वैमानिकांनी होकार दिला. नव्या मार्गावरील रोझो या रेडिओ-बिंदूसाठी नकाशावर ‘आर’ हे अक्षर होते. संगणकात मात्र तेवढेच अक्षर भरल्यावर बोगोटाजवळचा रोमिओ हा बिंदू निवडला गेला. निवड न पडताळता स्वीकारली गेली, स्वयंचालकाने विमान डावीकडे पूर्वेला वळवले, आणि चूक लक्षात येऊन ते परत उजवीकडे वळवले जात असताना खाली उतरणे चालूच राहिले. भूसान्निध्याचा (जमीन धोकादायकरीत्या जवळ आल्याचा) इशारा वाजल्यावर वैमानिकांनी पूर्ण शक्ती लावली; पण स्पीडब्रेक उघडेच राहिले होते. विमान डोंगरावर आदळले. १६३ जणांपैकी ४ वाचले. तिथे रडारची नजरही नव्हती. चौकशी अहवालात कळफलकावरील चुकीइतकेच वजन आणखी एका गोष्टीला दिले आहे : अनेक खुणा दिसत असूनही अवतरण सोडून दिले गेले नाही.

अटलांटा येथे १९ ऑक्टोबर २००९ च्या पहाटे डेल्टा एअरलाइन्सचे बोइंग ७६७ धावपट्टी २७-उजवीऐवजी तिला समांतर टॅक्सीवेवर, म्हणजे विमानांच्या जमिनीवरील ये-जा करण्याच्या मार्गावर, उतरले. कोणालाही इजा झाली नाही. वैमानिकांचा थकवा हे मुख्य कारण ठरले. उशिराचा बदल स्वीकारणे, त्या धावपट्टीचे अवतरण-दिवे आणि आयएलएस उपलब्ध नसणे ही साहाय्यक कारणे ठरली.

व्यवहारात यावरचा पहिला उपाय म्हणजे बदलाची अपेक्षा आधीच ठेवणे. वारा अनिश्चित असेल, तर खाली येण्यापूर्वीच दोन्ही धावपट्ट्यांची उजळणी केली जाते. एअरबस विमानांत दुय्यम उड्डाण-आराखड्यात पर्यायी धावपट्टी भरून ठेवता येते. स्थिर अवतरणाचा निकष हा दुसरा आधार : ढगांतून येताना १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर वेग, उतार, दिशा आणि विमानाची मांडणी जागेवर नसेल, तर गो-अराउंड करायचा. आणि तयारीला वेळ पुरणार नसेल, तर वैमानिक ‘अनेबल’ (जमणार नाही) एवढे म्हणून बदल नाकारू शकतो किंवा जास्त अंतर मागू शकतो. मग नियंत्रक विमानाला लांबच्या फेरीने आणतो, घिरट्या घालत थांबवतो किंवा शक्य असल्यास आधीचीच धावपट्टी कायम ठेवतो.