लपलेल्या भावावर बोली लावणारं यंत्र

जानेवारी 2025 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा नवी मुंबईतल्या हॉटेलांचे दर कित्येक पटींनी चढल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हापासून आमच्या वाशीच्या सोसायटीत हॉटेलचा भाव हा हक्काचा विषय झालाय. स्टेडियमवर काही मोठं असलं, पाहुणे येणार असले, की ग्रुपवर कुणीतरी लिहितंच: आता एआय आहे, त्याला सांगून ठेवायचं, ते आपोआप बोली लावतं आणि सगळ्यात स्वस्त रूम काढून देतं. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या शेजारच्या काकांनी मला थेटच विचारलं, "वाटेत चार शहरं करायची आहेत. अशा यंत्रावर भरवसा ठेवू का?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण लोक समजतात तिथे त्याचं उत्तर नाही. यंत्र किती हुशार आहे हे सगळे बघतात. ते ज्या लिलावात उतरतंय त्याचा नियम काय आहे हे कुणी बघत नाही, आणि सगळा खेळ त्या नियमाचा आहे.

बोली लावून खोली घेण्याची पद्धत अमेरिकेत घरोघरी पोचली ती प्राइसलाइन या कंपनीमुळे. उद्योजक जे वॉकर यांनी ती 1998 मध्ये सुरू केली आणि 'किंमत तुम्ही सांगा' या पद्धतीचं पेटंटही त्याच वर्षी मिळवलं. पडद्यावर शहर विभागांत वाटलेलं असायचं. हव्या त्या विभागांवर खूण करायची, किती तारांकित हॉटेल हवं ते निवडायचं, चौकटीत रक्कम भरायची, कार्डाचा नंबर द्यायचा आणि पैसे परत मिळणार नाहीत हे मान्य असल्याची खूण म्हणून आपली आद्याक्षरं टाइप करायची. हॉटेलचं नाव तोवर दिसायचं नाही. बोली लागली की कार्डावरून पैसे गेलेच, आणि मग नाव कळायचं. बोली फेटाळली गेली तर तोच विभाग, तोच दर्जा आणि त्याच तारखा घेऊन चोवीस तास परत यायला बंदी.

पडद्यामागे हॉटेलांनी आपापले कमीत कमी दर कंपनीला कळवून ठेवलेले असत. तुमची बोली त्याच्या वर गेली की खोली तुमची. हॉटेलने 2,800 ला खोली देऊ केली असेल आणि तुम्ही 3,500 म्हणालात, तर तुमचे 3,500 च जाणार. मधला फरक कंपनीचा, आणि तो किती होता हे तुम्हाला कधीच कळणार नाही. वाशीच्या फळबाजारात हापूसचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा, हे इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. वरून रुमाल, खाली व्यापाऱ्याचा आणि दलालाचा हात, आणि शेजारी उभ्या माणसाला भावाचा पत्ता नाही. पण रुमालाखाली निदान दोन्ही हातांना एकच आकडा कळत असे. इथे तो एकाच बाजूला माहीत असतो.

विमानाच्या तिकिटांसाठी प्राइसलाइनने ही पद्धत 2016 मध्ये बंद केली. आता हॉटेलचं नाव झाकून भाव उघडा ठेवायचा, हा प्रकार जास्त चालतो. पण बोलीचं गणित जुनं झालेलं नाही. 'थांबा, अजून उतरेल' किंवा 'इतक्याला विचारून बघा' असा सल्ला देणारं प्रत्येक साधन याच गणितावर उभं असतं.

हॉटेल आपला कमीत कमी दर ठरवतं कसं? आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, तिचं आजचं उत्पन्न कायमचं गेलं. मग ती मिळेल त्या भावाला का देऊ नये? कारण अगदी शेवटच्या घटकेला पूर्ण पैसे मोजणारा माणूसही येऊ शकतो. या पेचाचं उत्तर ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी 1972 मध्ये एका ओळीत दिलं: स्वस्तातला भाव हा पूर्ण भाव गुणिले पूर्ण भावाचं गिऱ्हाईक येण्याची शक्यता, याहून कमी नसेल तरच स्वस्तात विका. पूर्ण भाव 6,000 असेल आणि तसं गिऱ्हाईक येण्याची शक्यता 40 टक्के असेल, तर 2,400 च्या वरची कुठलीही बोली हॉटेलला परवडते. शक्यता 90 टक्के झाली की तोच आकडा 5,400 वर जातो. कार्यक्रमाच्या आठवड्यात नेरूळ-बेलापूर पट्ट्यात हेच होतं. शक्यता जवळजवळ शंभर टक्क्यांना भिडते, कमीत कमी दर आणि पूर्ण भाव यांतली फटच बुजते, वर पूर्ण भावही चढवला जातो. जिथे फटच नाही तिथे यंत्र शोधणार काय?

जाता जाता एक सांगायलाच हवं. मंगळवारी पहाटे बुक करा, रात्री बारानंतर बुक करा, असे मेसेज शिकलीसवरली माणसं पुढे पाठवतात तेव्हा मला वाईट वाटतं. राहण्याचा वार महत्त्वाचा असतो, कारण शनिवारची मागणी वेगळी आणि मंगळवारची वेगळी. बटण दाबण्याच्या घटकेला मात्र मुहूर्त नसतो. लिटलवुडच्या सूत्रात भाव आहे आणि शक्यता आहे, पंचांग नाही. 'एआय' हा शब्द मंत्रासारखा उच्चारणं हाही मला त्याच जातीचा प्रकार वाटतो.

आता बोली लावणाऱ्याच्या बाजूने बघू. हा भाग जरा सावकाश वाचा, यातलं गणित फार देखणं आहे. समजा, आपल्याला हवी तशी खोली उघड भावाने 5,000 ला मिळते आहे. हॉटेलचा लपलेला कमीत कमी दर 2,000 ते 5,000 यांच्यामध्ये कुठेही असू शकतो, आणि प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच आहे. बोली लावायची संधी एकच. 2,500 म्हटलं आणि बोली लागली तर 2,500 वाचतील, पण लागण्याची शक्यता सहात एक. सरासरी फायदा साधारण 417 रुपये. 4,500 म्हटलं तर लागण्याची शक्यता सहात पाच, पण वाचणार फक्त 500, म्हणजे सरासरी फायदा पुन्हा 417. अगदी मधोमध, 3,500 म्हटलं तर शक्यता निम्मी, बचत 1,500 आणि सरासरी फायदा 750. याहून चांगली बोली नाही. तुम्हाला खोली 5,000 ला पटत असली तरी 5,000 ची बोली लावून इथे फायदा शून्य. जितके बोलाल तितके जाणार असतील, तर आपली खरी किंमत झाकूनच बोलावं लागतं.

आता दोन संधी मिळाल्या असं धरा, म्हणजे पहिली बोली फेटाळली गेली तर एक पायरी वर चढून दुसरी लावता येते. मग 3,000 आणि 4,000 या बोली सर्वांत उत्तम, आणि सरासरी फायदा 1,000. तीन संधी असतील तर 2,750, 3,500 आणि 4,250, फायदा 1,125. चार असतील तर 1,200. पायऱ्या कितीही बारीक केल्या तरी 1,500 च्या वर जाता येत नाही. प्रत्येक नव्या संधीचं मोल आधीच्या संधीपेक्षा कमी होत जातं: पहिलीने 750 दिले, दुसरीने 250, तिसरीने 125, चौथीने 75. ज्यांना बीजगणित आवडतं त्यांनी n संधींसाठी हा फायदा 1,500 ला n भागिले (n अधिक एक) यानं गुणून येतो हे स्वतः काढून बघावं. दोन बोलींचं समीकरण मांडलंत की पुढचं आपोआप उलगडतं.

चोवीस तासांची बंदी का होती हे आता कळेल. कंपनीला तुम्हाला पायऱ्या चढू द्यायच्या नव्हत्या. लोकांनी त्यातूनही वाट काढली. चार तारांकित हॉटेल हवं असेल, तर ज्या विभागात चार तारांकित हॉटेलच नाही तो विभाग यादीत वाढवायचा. तिथली खोली गळ्यात पडण्याचा धोका नाही, पण मागणी 'बदलली' म्हणून लगेच पुन्हा बोली लावता येते. असे तीन विभाग सापडले की तीन जादा पायऱ्या मिळाल्या. कुठल्या विभागात काय नाही याच्या याद्या माणसं हाताने बनवत, आणि पुढे हे काम प्रोग्रॅमकडे गेलं. इथवर यंत्रावर निर्धास्त भरवसा ठेवा. पायऱ्या मोजणं हे त्याचंच काम आहे, आणि ते माणसापेक्षा चांगलं करतं.

अडचण त्या 2,000 ते 5,000 या पट्ट्यात आहे. तो यंत्राला सांगितला कुणी? बहुतेक साधनं आधी लागलेल्या बोलींवरून तो बांधतात. इथे एक सूक्ष्म गफलत होते, आणि ती मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटते. लागलेली बोली लपलेल्या दराइतकी किंवा त्याच्या वरच असते, खाली कधीच नसते. म्हणजे लागलेल्या बोलींची सरासरी काढली की खरा दर आहे त्यापेक्षा चढाच दिसतो. ज्यांची बोली लागली ते आनंदाने आकडा कळवतात. ज्यांची फेटाळली गेली ते बहुधा गप्प बसतात, खरं तर दर कुठवर आहे याची खूण त्यांच्याच आकड्यात असते.

पुढे काय होतं बघा. खरा दर 2,800 आहे. कुणीतरी 3,500 ला खोली मिळवली आणि यंत्राने नोंद केली. पुढच्या दहा जणांना यंत्र 3,500 सुचवतं. दहाही बोली लागतात आणि यंत्राच्या जाहिरातीत लिहिलं जातं: शंभर टक्के यश. आता हॉटेलने दर 2,400 वर आणला तरी यंत्राला ते कळायला मार्ग नाही, कारण 3,500 च्या खालची बोली लावून कुणी बघतच नाही. दर 3,600 झाला तर मात्र लगेच कळतं, कारण बोली फेटाळल्या जातात आणि यंत्र आकडा वाढवतं. चढलेला भाव दिसतो, उतरलेला दिसत नाही. आपल्याच सल्ल्याच्या निकालावर शिकणारं यंत्र अशा वेळी एकाच दिशेला सरकत राहतं, आणि वापरणारा खूश असतो कारण त्याची बोली दरवेळी लागते. म्हणून हमखास यशाचा दावा करणाऱ्या साधनापासून मी लांब राहीन. मघाच्या हिशोबात एकाच संधीची उत्तम बोली निम्म्या वेळा फेटाळली जाते. ज्याची बोली कधीच फेटाळली जात नाही तो जास्त पैसे देतोय.

भाव उघडा असेल तर यंत्राला बरंच शिकता येतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ओरेन एट्झिओनी यांच्या गटाने 2003 मध्ये विमान तिकिटांच्या 41 दिवसांतल्या 12,000 हून अधिक भावांच्या नोंदींवरून 'आता घ्या की थांबा' हे सांगणारा प्रोग्रॅम बनवला. त्यातूनच फेअरकास्ट ही कंपनी निघाली आणि 2008 मध्ये ती मायक्रोसॉफ्टने घेतली. त्या नोंदींत कुणी न घेतलेले भावही होते. मघाची गफलत तिथे शिरतच नाही.

आणि लिलावाचा नियमच बदलला तर यंत्राला हुशार असायचीही गरज उरत नाही. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने 1961 मध्ये दाखवलं की बंद पाकिटातल्या लिलावात सर्वांत मोठी बोली जिंकली, पण जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे द्यायचे असं ठरवलं, तर आपली खरी किंमत सांगणं हाच प्रत्येकाचा सर्वांत फायद्याचा मार्ग ठरतो. आकडा फुगवून किंवा दाबून काही मिळत नाही. विक्रींना 1996 चं नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत ते गेले. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर आपण कमाल रक्कम सांगून ठेवतो आणि यंत्र गरजेपुरतीच बोली वाढवत नेतं, त्यामागे बरंचसं हेच तत्त्व आहे. अशा ठिकाणी आपली खरी कमाल सांगून खुशाल झोपावं. जिथे जितकी बोली तितके पैसे जातात तिथे तीच कमाल यंत्राच्या हाती देणं धोक्याचं, कारण ते यंत्र कुणाच्या कमिशनवर चालतं हे आपल्याला ठाऊक नसतं.

काकांना मी सांगितलं की कमाल आकडा तुम्ही ठरवा, आणि तो उघड भाव बघूनच ठरवा. पायऱ्या यंत्राला चढू द्या. पहिली बोली लगेच लागली तर खूश होऊ नका, पुढच्या शहरात खालून सुरू करा. परतावा नसलेली खोली यंत्राने परस्पर घेऊन टाकू नये म्हणून शेवटचं बटण स्वतः दाबा. आणि बोलीचा आकडा म्हणजे बिलाचा आकडा नव्हे हे विसरू नका. अमेरिकेत 'रिसॉर्ट फी' नावाची जोड मागाहून लागायची. मे 2025 पासून तिथल्या नियमानुसार अशा सक्तीच्या शुल्कासकट एकूण किंमत आधीच दाखवावी लागते, पण सरकारी कर त्यात धरलेला नसला तरी चालतो.

आपल्याकडची गोष्ट आणखी गमतीची आहे. सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर 18 टक्के. बोली 7,500 वर लागली तर बिल 7,875 होतं. यंत्राने पुढची पायरी म्हणून 7,600 लावली आणि ती लागली, तर बिल 8,968. बोलीत वाढले शंभर, खिशातून गेले 1,093.